गाविलगडाचे दोन तोंडांचे पाखरू

गेल्या हिवाळ्यात मी गाविलगडावर गेलो होतो. माझ्या वयाच्या माणसाने गड पाहण्याचा सोस करू नये, असे घरची मंडळी म्हणतात. पण चिखलदऱ्याला एकदा बस पोचली की पुढचे काम फार अवघड नाही, आणि हा गड मी इतक्या वेळा पाहिला आहे की पाय आपोआप तिकडे वळतात. त्या दिवशी दरवाज्यापाशी कुठल्याशा शाळेची सहल आली होती. पाचपन्नास मुले कमानीकडे माना वर करून उभी होती आणि त्यांचे शिक्षक हात उंचावून सांगत होते:

“हा बघा गंडभेरुंड. दोन तोंडांचा पक्षी. हे विजयनगरच्या राजांचे चिन्ह. ज्या सरदाराने गडाला हे रूप दिले तो मुळात विजयनगरकडच्या एका ब्राह्मणाचा मुलगा. लहानपणीच लढाईत पकडला गेला. त्याचे नाव बदलले, धर्म बदलला, भाषा बदलली; पण घरचे चिन्ह तो विसरला नाही. सत्ता हाती आल्याबरोबर त्याने ते दगडात कोरून घेतले.”

मुले गप्प झाली होती. मीही गप्प झालो, पण माझे कारण निराळे होते. हे सगळे शब्द माझे होते. अकोल्याच्या शाळेत मी पस्तीस वर्षे इतिहास शिकवला, आणि जवळजवळ दरवर्षी हीच वाक्ये, याच क्रमाने, याच चढउतारांनी बोललो. ते शिक्षक माझेच विद्यार्थी होते. मला पाहताच ते लगबगीने आले, वाकून नमस्कार केला, आणि मुलांना म्हणाले, “हे माझे सर. ही गोष्ट मी यांच्याकडूनच ऐकली.”

त्या गोष्टीतले मुख्य वाक्य खरे नाही, हे मला कळून तेव्हा काही वर्षे झाली होती. पण मुलांसमोर मला ते बोलवले नाही. तो कबुलीजबाब आज देत आहे.

प्रथम त्या पाखराविषयी. वऱ्हाडच्या उत्तरेला सातपुड्याची जी भिंत उभी आहे तिच्यावर दोन मोठे गड आहेत. अमरावती जिल्ह्यातला गाविलगड आणि अकोला जिल्ह्यात अकोटच्या वरचा नरनाळा. दोन्ही स्थाने जुनी. गाविलगडाच्या नावात गवळ्यांची आठवण आहे असे लोक मानतात, आणि शेजारच्या चिखलदऱ्याला भीमाने कीचकाला मारून दरीत फेकले म्हणून मूळ ‘कीचकदरा’ म्हणत, असे सांगतात. लिखित इतिहास सुरू होतो तो बहमनी सुलतान अहमदशहापासून. १४२५ ते १४२८ च्या दरम्यान तो एलिचपुरास, म्हणजे आजच्या अचलपुरास, मुक्काम करून होता. त्या वेळी त्याने गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची डागडुजी केली, असे फेरिश्ता लिहितो. पण आज आपल्याला दिसणाऱ्या दरवाज्यांशी ज्याचे नाव जोडलेले आहे तो फतहउल्ला इमादउल्मुल्क. तो बहमन्यांचा वऱ्हाडचा सुभेदार होता, आणि १४९० च्या सुमारास स्वतंत्र होऊन त्याने इमादशाही स्थापन केली.

नरनाळ्याचा महाकाली दरवाजा १४८७ चा, फतहउल्लाच्याच काळचा. पांढुरक्या वालुकाश्माचा. तिथे नजर जाते ती कमळांवर, पुढे काढलेल्या सज्जांवर आणि कुराणातील वचनांच्या सुबक अक्षरांवर. गाविलगडाचे तसे नाही. तिथे दगडात प्राणी आहेत. सिंहासारखे, पण सिंह नव्हेत असे पशू. आणि त्यांच्याबरोबर तो दोन मानांचा, दोन चोचींचा पक्षी, त्याच्या तावडीत हत्ती. हत्ती केवढे, तर पक्ष्याच्या मानाने उंदराएवढे. कोरणाऱ्याला हत्तीचे माप ठाऊक नव्हते असे कोणी म्हणू नये. हत्ती लहान दाखवला की पक्षी किती मोठा हे पाहणाऱ्याला न सांगता कळते.

मी तो पहिल्यांदा पाहिला १९६१ साली, अकरा वर्षांचा असताना. बाबांना दिवाळीची सुटी होती आणि आम्ही अमरावती, परतवाडा करीत बसने चिखलदऱ्याला गेलो होतो. माझी आई धारवाडची. लग्न होऊन अकोल्यास आली तेव्हा तिला मराठी येत होते, पण ते धारवाडी मराठी. तिचा हेल ऐकून आजीला आणि शेजारणींना हसू येई. आजी मनाने वाईट नव्हती, पण “सूनबाई, तुझं कानडी आता पुरे” असे ती चारचौघांत म्हणे. हळूहळू आईने कानडी बोलणे सोडून दिले. घरात तिच्या भाषेचे एवढेच उरले की पोळ्या मोजताना ती पुटपुटायची, “ओंदु, एरडु, मूरु.” तिचा भाऊ म्हैसूरला नोकरीला होता. तो वर्षाकाठी येई तेव्हा चंदनाचा म्हैसूर साबण आणी. त्याच्या वेष्टनावर सिंहाच्या अंगाचा आणि हत्तीच्या सोंडेचा एक प्राणी असे. तो शरभ, असे मामाने मला सांगितले होते. साबण संपला तरी आई ती वेष्टने पातळांच्या घडीत ठेवीत असे.

तर त्या दिवशी दरवाज्यापाशी आई एकदम थांबली, वर पाहिले आणि म्हणाली, “अय्यो! गंडभेरुंड! हा इथं कसा?” पुढे ती बाबांना भराभर काही सांगू लागली, म्हैसूरच्या राजांच्या चिन्हात हा असतो, मामाच्या कचेरीच्या कागदांवर असतो, वगैरे. तिला इतके बोलताना मी कधी पाहिले नव्हते. आमच्याबरोबर वाट दाखवायला एक म्हातारा कोरकू होता. त्याने सगळे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाला, “बाई, थे पाखरू नोहे. थो कुलामामा आहे. पंख फुटलेला.” कुला म्हणजे त्यांच्या भाषेत वाघ. मेळघाटातला कोरकू वाघाला मामा म्हणतो, देव मानतो. आम्ही सारे हसलो. आज मला वाटते की हसायला नको होते.

पुढे कॉलेजात इतिहास शिकताना फतहउल्लाची हकीकत वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. फेरिश्ता सांगतो, तो विजयनगरच्या मुलखातल्या एका कानडी ब्राह्मणाचा मुलगा. लढाईत मुसलमानी फौजेच्या हाती लागला, वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी वाढला आणि चढत चढत स्वतःच सुभेदार झाला. कानडी मुलूख सुटलेला एक मुलगा वऱ्हाडात येतो आणि दरवाज्यावर गंडभेरुंड कोरवतो! आईच्या “हा इथं कसा?” या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले. हा पक्षी विजयनगरचे राजचिन्ह होता असे जुन्या लेखकांनी लिहिलेच होते. मी सुटीत घरी गेल्यावर आईला ते वाचून दाखवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “त्याची आई तिकडेच राहिली असेल, नाही?” इतिहासाच्या कुठल्याही पुस्तकात मला तो प्रश्न आढळला नव्हता.

१९९४ मध्ये आई गेली. वर्गात मी ही गोष्ट सांगत राहिलो, आणि खरे सांगायचे तर दरवेळी थोडी आईकरिताच सांगत होतो.

शंकेला सुरुवात झाली ती निवृत्तीनंतर. नागपुरात जुन्या नाण्यांचे एक प्रदर्शन होते. एका काचेखाली विजयनगरचे सोन्याचे नाणे होते, बोटाच्या नखाएवढे. त्यावर तोच पक्षी. दोन माना, चोचींत आणि पंजांत हत्ती. मागच्या बाजूला नागरी अक्षरांत राजाचे नाव. मला आनंद झाला, पुरावा मिळाला असे वाटले. मग खालची चिठ्ठी वाचली. नाणे अच्युतरायाचे होते. अच्युतराय गादीवर आला १५२९ मध्ये आणि १५४२ मध्ये वारला.

ज्याने पस्तीस वर्षे सनावळ्या पाठ करवून घेतल्या त्याला हे वजाबाकीचे गणित करायला वेळ लागला नाही. गाविलगडाची फतहउल्लाने केलेली दुरुस्ती १४८८ च्या सुमाराची धरतात. म्हणजे नाणे निघाले ते दरवाज्यानंतर निदान चाळीस वर्षांनी. फतहउल्ला मूल असताना विजयनगरावर संगम घराणे होते. अच्युतराय तुळुव घराण्यातला, मधे साळुव होऊन गेले. आणि विजयनगरचे राजचिन्ह म्हणून जे सर्वत्र आढळते ते वराहाचे. तिथल्या सोन्याच्या नाण्यालाच ‘वराह’ म्हणत. मग तो मुलगा घरातून ‘राजचिन्ह’ आठवून आणतो म्हणजे काय आणतो? त्याच्या बालपणी जे राजचिन्ह नव्हते ते?

त्यानंतर दोन-तीन वर्षे मी या पाखराच्या मागे लागलो. जे हाती आले ते असे.

राजांच्या चिन्हापेक्षा हा पक्षी कर्नाटकात पुष्कळ जुना आहे. शिवमोग्गा जिल्ह्यात बळ्ळिगावी येथे एक उंच दगडी खांब आहे, १०४७ चा. चामुंडराय नावाच्या अधिकाऱ्याने उभारलेला. त्यावर माणसाच्या धडाचा, दोन पक्षिमुखांचा भेरुंड आहे. बेलूरच्या चेन्नकेशवाच्या देवळात, ज्याची प्रतिष्ठा १११७ मध्ये झाली, एक विलक्षण शिल्पपट्टी आहे. हरणाला अजगर गिळतो आहे, अजगराला हत्तीने धरले आहे, हत्तीवर सिंह पडला आहे, सिंहाला शरभ खातो आहे आणि शरभाला गंडभेरुंड. शरभ म्हणजे आठ पायांचा, सिंहाला मारणारा पशू. महाभारतात तो येतो. शैवांनी पुढे असे सांगितले की हिरण्यकशिपूला मारूनही नरसिंहाचा क्रोध शमेना तेव्हा शंकराने शरभाचे रूप घेऊन त्याला आवरले. वैष्णवांना हे कसे रुचावे? त्यांच्या कथेत नरसिंहाने गंडभेरुंड होऊन शरभाचा समाचार घेतला. देवळांची भांडणे अशी प्राण्यांच्या पाठीवर बसून चालत.

संस्कृत कथांतही हा पक्षी आहे, पण तिथे तो शूर नाही. पंचतंत्रातला भारुंड एका पोटाचा आणि दोन माना असलेला. एका तोंडाला अमृतासारखे फळ मिळते. ते दुसऱ्याला त्यातले देत नाही. दुसरे तोंड रागावून विषाचे फळ खाते आणि दोघेही मरतात. बृहत्कथेच्या परंपरेत हेच पक्षी व्यापाऱ्यांना उचलून सोन्याच्या देशात नेतात; व्यापारी कातड्यात स्वतःला शिवून घेतात आणि पक्षी मांस समजून त्यांना घेऊन उडतो. ‘अरबी सुरस कथा’ वाचलेल्यांना सिंदबादचा रुख आठवेल. रुखाविषयी मार्को पोलोने ऐकलेही हेच की तो पंजात हत्ती उचलतो आणि उंचावरून टाकून फोडतो.

इथे मला थबकावे लागले. पंजात हत्ती धरलेला प्रचंड पक्षी! एलिचपूरच्या दरबारात फारसी जाणणारे अंमलदार असणारच. त्यांनी गाविलगडाचा दरवाजा पाहिला असेल तेव्हा त्यांना गंडभेरुंड दिसला असेल का? त्यांना रुख दिसला असेल, किंवा शाहनाम्यातला सीमुर्ग. शेजारच्या सिंहासारख्या पशूला आम्ही शरभ किंवा शार्दूल म्हणतो. त्यांनी त्याला ‘शर्झा’ म्हटले असेल, म्हणजे खवळलेला सिंह. बिदरच्या किल्ल्याला शर्झा दरवाजाच आहे, १५०३ च्या लेखाचा, आणि त्यावर दोन वाघ कोरलेले आहेत. शरभ आणि शर्झा हे शब्द एकमेकांपासून निघालेले नव्हेत, पण एकाच दगडाकडे बोट दाखवून दोन माणसे ते सहज उच्चारू शकली असती आणि दोघांनाही वाटले असते की हे आपलेच आहे.

आणि मग तो कोरकू म्हातारा. त्याला पंख फुटलेला वाघ दिसला. फतहउल्लाच्या कितीतरी आधीपासून त्या डोंगरात राहणाऱ्या लोकांचा तो वंशज. दगड कोणी वाहिले, चुना कोणी मळला, हे बखरी सांगत नाहीत. पण गडाच्या अवतीभवती वस्ती कोणाची हे सर्वांना माहीत आहे. त्याचे वाचन आमच्यापेक्षा कमी अधिकाराचे होते असे मला आता वाटत नाही.

कोणी म्हणेल, दोन तोंडांचा पक्षी तर साऱ्या जगात आहे. खरे आहे. तुर्कस्तानात अलाजा हुयुक येथे हित्ती लोकांच्या वेशीवर दोन शिरांचा गरुड आहे, सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचा. त्याच्या पंजात हत्ती नाहीत, ससे आहेत. तक्षशिलेजवळ सिरकप येथे एका स्तूपाच्या चौथऱ्यावर तो आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. सेल्जुक तुर्कांनी तो वापरला, कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटांनी वापरला, जर्मन सम्राटांनी वापरला. मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानच्या मोहरेवर तो १४९७ मध्ये उमटला, म्हणजे गाविलगडानंतर दहाच वर्षांनी. आजही रशिया, सर्बिया आणि आल्बेनिया यांच्या राजचिन्हांत तो आहे, आणि आपल्याकडे कर्नाटक राज्याच्या चिन्हात. एवढे पाहिल्यावर माणसाला मोह होतो की अलाजा हुयुकपासून चिखलदऱ्यापर्यंत एक दोरी ओढावी. मी ती ओढणार नाही. एकदा हात पोळून घेतला आहे. सारखेपणा म्हणजे नाते नव्हे. दोन्ही बाजू सारख्या ठेवून चौकोनी दगड भरायचा झाला तर कोणताही कारागीर पक्ष्याला दोन बाजूंना दोन तोंडे देण्याचा विचार करू शकेल.

माझ्या अभ्यासात मला अधिक उपयोगी वाटला तो प्रश्न निराळाच आहे. दरवाज्यावर हत्तीच का? ससा का नाही, हरिण का नाही?

याचे एक उत्तर दरवाज्याशी उभे राहिले की सुचते. गडाच्या दरवाज्याचा खरा शत्रू हत्ती. त्या काळी दारे फोडायला हत्ती आणीत, म्हणून मोठ्या दरवाज्यांच्या फळ्यांवर लोखंडी अणकुचीदार खिळे ठोकलेले आपण पाहतो. खाली खिळे आणि वर हत्ती खाणारा प्राणी. एक हत्तीच्या कपाळासाठी, दुसरा हत्तीवर बसून येणाऱ्याच्या मनासाठी. दुसरे कारण असे की हत्ती म्हणजे ऐश्वर्य, फौज, मोठे राज्य. त्याला चिमुकला करून चोचीत देणे म्हणजे येणाऱ्याला सांगणे की तू कितीही मोठा अस. नरनाळ्यावर शहानूर गावाकडून चढताना सिंहासारखे पशू भेटतात. शिवनेरीवर शरभ आहेत. जंजिऱ्याच्या महाद्वारावरच्या पशूने तर पायापायाखाली हत्ती दाबले आहेत. सुलतान कोणाचा, किल्लेदार कोणत्या धर्माचा, समुद्र की डोंगर, याने काही फरक पडलेला दिसत नाही. ही दख्खनच्या दरवाज्यांची सामाईक बोली होती. बहमन्यांच्या दोन्ही राजधान्या, गुलबर्गा आणि बिदर, कानडी मुलखाच्या काठावर किंवा आतच. तिथे काम केलेले पाथरवट एलिचपूरकडे आले असतील तर गंडभेरुंड वऱ्हाडात यायला सुभेदाराच्या बालपणाची गरज नव्हती. तो छिन्नीबरोबर आला असेल.

महाभारताच्या शांतिपर्वात एक गोष्ट आहे. एका ऋषीच्या आश्रमात एक कुत्रा असतो. त्याच्यावर बिबळ्या धावून येतो म्हणून ऋषी त्याला बिबळ्या करतो. मग वाघ येतो म्हणून वाघ, हत्ती येतो म्हणून हत्ती, सिंह येतो म्हणून सिंह, आणि शेवटी शरभ. शरभ झाल्यावर त्याला भीती कोणाचीच उरत नाही, आणि तो ऋषीलाच खायला निघतो. ऋषी त्याला पुन्हा कुत्रा करतो. बेलूरची ती पट्टी आणि ही गोष्ट मला एकाच विचाराच्या वाटतात, आणि वऱ्हाडचा इतिहास त्याच पट्टीसारखा वाचता येतो. फतहउल्ला बहमन्यांच्या दौलतीतून वऱ्हाड फोडून घेतो. त्याच्या वंशजाला तुफालखान नावाचा त्यांचाच सरदार कैदेत टाकतो. तुफालखानावर अहमदनगरचा मुर्तजा निजामशहा येतो; तुफालखान शेवटचा आसरा म्हणून नरनाळ्यात शिरतो, त्याचा मुलगा गाविलगडात, आणि १५७४ मध्ये इमादशाही संपते. पुढे १५९६ मध्ये चांदबिबीला मोगलांशी तह करताना वऱ्हाडच सोडून द्यावे लागते, आणि १६३६ मध्ये निजामशाहीही नाहीशी होते. दरवाज्यावरचे पाखरू हे सगळे पाहत होते.

१८०३ मध्ये त्याचीही कसोटी लागली. २९ नोव्हेंबरला अकोल्याच्या उत्तरेला अडगावच्या रानात भोसल्यांची फौज मोडली, आणि आर्थर वेलस्ली व कर्नल स्टीव्हन्सन गाविलगडावर आले. गडावर बेनीसिंग हा किल्लेदार होता. स्टीव्हन्सनने हत्ती दरवाज्यावर घातले नाहीत. त्याने डोंगरातून वाट पाडून उत्तरेच्या अंगाला तोफा ओढून नेल्या. तटाला भगदाड पडले, १५ डिसेंबरला बाहेरचा कोट पडला, आणि कॅप्टन कँबेलची तुकडी शिड्या लावून आतल्या कोटावर चढली व तिने आतून दार उघडले. बेनीसिंग लढता लढता मेला. दोन दिवसांनी देवगावचा तह झाला. हत्ती खाणाऱ्या पाखराला तोफ खाता येत नव्हती, आणि मागून उघडलेल्या दाराला राखणदार काय करणार? १८५८ मध्ये तात्या टोपे सातपुड्यातून येऊन इथे ठाण मांडील या भीतीने इंग्रजांनी गड निकामी करून टाकला. तेव्हापासून तिथे रान आहे. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. म्हणजे आज गडाच्या परिसराचा धनी पुन्हा कुलामामाच आहे, पंखांवाचून.

तर आता माझ्या गोष्टीत काय उरले? फतहउल्ला कानडी ब्राह्मणाचा मुलगा होता हे फेरिश्ता सांगतो, ते उरले. त्याच्या काळच्या गडावर कानडी मुलखात जुना असलेला पक्षी आहे, हेही उरले. या दोहोंना जोडणारे “म्हणून” मात्र उरले नाही. तो “म्हणून” माझा होता. त्याने ते पाखरू आठवणीने कोरवून घेतले असेल. पाथरवटाने आपल्या सवयीने कोरले असेल आणि एक दिवस सुभेदाराने घोड्यावरून जाताना वर पाहून लगाम खेचला असेल. किंवा त्याने कधी वरही पाहिले नसेल. यांतले एक मी निवडले होते, कारण आईचा चेहरा मला आठवत होता. पोरके होऊन परमुलखात आलेल्याने आपली एक खूण दगडात ठेवली, हे खरे असावे अशी माझी इच्छा होती. इच्छा वाईट नव्हती, पण वर्गात ती मी इच्छा म्हणून सांगितली नाही, इतिहास म्हणून सांगितली.

सहलीच्या त्या दिवशी मुले पुढे गेल्यावर मी माझ्या विद्यार्थ्याला एका दगडावर बसवून हे सारे सांगितले. त्याने शांतपणे ऐकले. मग म्हणाला, “सर, पण मुलांना ती गोष्ट फार आवडते. ती काढून घेतली तर दरवाज्यापाशी थांबणार कोण?” हा प्रश्न मला टाळता आला नाही. मी त्याला म्हटले, “सुभेदाराची गोष्ट सांग. नाण्याचीही सांग, दोन्हींच्या सनावळ्या फळ्यावर लिही आणि वजाबाकी मुलांना करू दे. आणि कोरकू म्हाताऱ्याचे म्हणणे विसरू नकोस.” तो म्हणाला, पुढच्या वर्षी करून पाहतो. त्याने केले की नाही हे अजून मला कळायचे आहे.

निघताना मी पुन्हा कमानीखाली उभा राहिलो. दगडावर कोणी कोणी खिळ्याने आपली नावे कोरून ठेवली आहेत. काही पक्ष्याच्या अगदी जवळ पोचली आहेत. त्यांच्यावर मी शिक्षकाच्या सवयीने मनातल्या मनात रागावलो. मग आईचा आवाज आठवला, “हा इथं कसा?” साठ वर्षांत मी त्या प्रश्नाला एक चुकीचे उत्तर दिले आणि तीन-चार अर्धवट. तिला मी ते चुकीचे उत्तर वाचून दाखवले होते, आणि तिला ते आवडले होते. ते मला आता परत घेता येणार नाही. बाकीच्यांकडून, म्हणजे ज्यांनी ज्यांनी माझ्या वर्गात ते उतरवून घेतले त्यांच्याकडून, मी ते या लेखाने परत मागत आहे. जुन्या वह्या कोणी ठेवल्या असतील तर त्यांनी तेवढी एक ओळ खोडावी आणि तिच्या जागी आईचा प्रश्न लिहावा.